रुपयावरची उंच रेघ

टाऊन बसचे कंडक्टर सेतूअक्काला सुटे पैसे द्यायला कुरकुरत. हातात पडलेले पैसे ती कधी मोजत नसे. एकेक नाणं उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी बघायची, त्यावरून अंगठ्याचं नख फिरवायची आणि मगच पिशवीत टाकायची. तोवर मागची माणसं पायरीवर लोंबकळत राहायची.

"अम्मा, खोटं नाही हो ते!" कंडक्टर वैतागून म्हणायचा.

"खोटं कोण म्हणालं? मी बघतेय," अक्का त्याला तमिळमध्येच सुनवायची आणि पुढचं नाणं उचलायची.

मेल वीदीच्या एका आडगल्लीत आम्ही समोरासमोर राहत होतो. दोन्ही घरं मराठी. आमचे पूर्वज मराठी राजांच्या वेळी तंजावूरला आले आणि त्यांची मराठी आमच्यापाशी राहिली. तिला तमिळ हेल आला आणि स्वयंपाकघरातले निम्मे शब्द तमिळ झाले, एवढंच. मी हिंदीच्या शिकवण्या घ्यायची म्हणून मला देवनागरी वाचता यायची. अक्काला येत नसे. ती बोलायची मराठीत, भांडायची तमिळमध्ये आणि लिहायची इंग्रजीत. इस्पितळातल्या कागदांवर तिचं नाव होतं के. सेतुबाई, लॅब टेक्निशियन. तीस वर्षं तिने सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचपट्ट्या पाहिल्या. लग्न केलं नाही. आईला शेवटपर्यंत सांभाळलं, आणि आई गेली त्याच वर्षी ती निवृत्त झाली.

तिच्याबरोबर काम केलेल्या एका नर्सने मला सांगितलेली गोष्ट आहे. तापाने फणफणलेल्या एका बाईच्या रक्तात काही सापडलं नव्हतं. मोठे डॉक्टर घाईत होते. 'मलेरिया नाही' असं लिहून सही कर, म्हणाले. अक्का म्हणाली, "मला दिसला नाही, एवढं लिहिते. नाही असं लिहिणार नाही." डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडले. अक्का जेवायच्या सुट्टीतही उठली नाही. तिसऱ्या पट्टीच्या एका कोपऱ्यात तिला जंतू सापडला. डॉक्टरांनी आभार मानले नाहीत, पण त्यानंतर अवघड पट्टी आली की ते शिपायाला म्हणायचे, "ती हट्टी बाई आहे ना, तिच्याकडे ने."

असे डोळे निवृत्तीनंतर काय करणार? पहिले दोन महिने ती तांदूळ निवडायची. आमच्या घरचेही निवडून द्यायची. मग एके दिवशी भाजीवालीने दिलेल्या रुपयावर तिला एक रेघ दिसली. केसाएवढी बारीक, काठापासून निघून आत छापलेल्या कणसाच्या पानापर्यंत गेलेली, शेजारी एक उंच ठिपका. ती रुपया घेऊन माझ्याकडे आली.

"येथें नख फिरव गे. काय लागतें?"

"ओरखडा आहे," मी म्हटलं.

"ओरखडा असता तर खालीं गेला असता. हें वर आलें आहें. धातूवर रेघ वर कशी येते?"

तीन दिवस तिने त्या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडून डोळ्याला लावायचं भिंग आणलं. सोनाराला विचारलं, तो हसला. त्याच आठवड्यात माझ्या नणंदेचं लग्न होतं आणि रुखवतासाठी आम्ही साखरेची चित्रं पाडत होतो. लाकडी साचा जुना, मोराच्या पोटावर तडकलेला. साच्यातून निघालेल्या प्रत्येक मोराच्या पोटावर एक उंच शीर उठत होती. माझी सासू ती सुरीने खरवडत बसली होती. अक्का पाकाचा हात तसाच धरून बघत राहिली.

"साचा फाटला आहें," ती म्हणाली. "साच्याची भेग खोल, म्हणून मोराची शीर उंच. रुपयाचा ठसाही फाटला असेल!"

आणि ती चित्रं टाकून घरी गेली. त्या दिवशी लग्नघरी लोकांनी तिला नावं ठेवली.

तेव्हापासून रोज सकाळी ओट्यावर एनामलचा पांढरा ट्रे, त्यात नाणी आणि डोळ्याला भिंग. टांकसाळीत कोणी ओळखीचं नव्हतं, पुस्तक नव्हतं. जे समजलं ते तिने बघून बघून समजून घेतलं आणि त्याला स्वतःच नावं दिली. ठशाला भेग पडून आलेली रेघ म्हणजे 'केस'. ठशाचा कपचा उडून आलेला उंच ठिपका म्हणजे 'तीळ'. ठसा फार वापरला की काठाजवळची अक्षरं पसरतात आणि बारीक किरणं फुटल्यासारखी दिसतात, त्याला ती 'धुकें' म्हणायची. मला तर सगळी जुनी नाणी सारखीच दिसत. ती समजावायची, "लोकांच्या हातांत नाणें झिजलें तर उंच भाग आधीं जातो. सिंहाचें नाक पाहा. ठसा झिजला असेल तर नाणें कोरें असूनही अक्षर ढिलें दिसतें. हातांची झीज वेगळी, ठशाची वेगळी."

ती चुकतही असे. एका दागिनेवाल्याच्या मुलाने नाकापाशी गाठ असलेला रुपया आणला. अशी नाणी हौशी लोक जास्त पैसे देऊन घेतात, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. अक्काने पाहून 'तीळ' सांगितलं. तो खूश होऊन गेला. दुपारी जेवताना अक्काचा घास थांबला. गाठीचा रंग तिला आठवला. ती भर उन्हात चालत त्याच्या दुकानात गेली आणि गिऱ्हाईक समोर असताना म्हणाली, "मी चुकले. ते वरून डाख लावून चिकटवलेलं आहे, ठशाचं नाही." सौदा फिसकटला. तो मुलगा पुन्हा तिच्याशी बोलला नाही. "तूं गप्प राहिली असतीस तर कोणाला कळलें असतें?" मी विचारलं. "मला कळलें होतें कीं," ती म्हणाली आणि ताक मागितलं.

तिची खरी परीक्षा झाली ती पुष्पममुळे. किंवा असं म्हणू, पुष्पमची झाली ती अक्कामुळे.

मोठ्या देवळाबाहेर पुष्पम चपला सांभाळायची. ताडपत्रीचं छप्पर, लाकडी फळ्या, खडूने आकडे घातलेले पत्र्याचे बिल्ले. नवरा नव्हता, दोन मुली शाळेत होत्या. दिवसभर तिच्या हातात चिल्लर यायची. अक्का दर शुक्रवारी देवळात जायची ती देवासाठी कमी आणि पुष्पमच्या डब्यासाठी जास्त. एकदा तिथे तिला तोच 'केस' असलेला रुपया पुन्हा सापडला. काठापासून निघालेली तीच रेघ, शेजारी तोच तीळ; फक्त रेघ थोडी लांब. अक्काला इतका आनंद झाला की तिने पुष्पमला ती रेघ नखाने ओळखायला शिकवली. पुष्पमला अक्षर वाचता येत नव्हतं, पण बोटं हुशार होती. अक्काला आवडतं म्हणून ती तसे रुपये एका वेगळ्या पावडरच्या डब्यात बाजूला ठेवू लागली. किती ठेवले ते तिने अक्काला सांगितलं नव्हतं. दिवाळीला एकदम द्यायचे, असं तिच्या मनात होतं.

त्या सुमाराला बाजारात दुसरीच हवा होती. नवे, लहान, हलके रुपये आले होते आणि लोकांचा कशावरच विश्वास राहिला नव्हता. खोटी नाणी आली आहेत, अशी अफवा दर आठवड्याला उठायची. मुलीच्या शाळेची फी भरायची म्हणून पुष्पमने एके दिवशी तो डबा उचलला आणि जुन्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात चिल्लर देऊन नोटा मागितल्या. तिथले लोक तिच्याकडून नेहमी चिल्लर घेत. मालकाने नाणी टेबलावर पसरली. चाळीसच्या वर रुपये, आणि प्रत्येकावर त्याच जागी तीच रेघ. त्याने पोलिसांना बोलावलं.

संध्याकाळी ही बातमी आमच्या गल्लीत आली. सब-इन्स्पेक्टरने नाणी जप्त केली होती, पुष्पमला रोज सकाळी ठाण्यात येऊन बसायला सांगितलं होतं. चपलांच्या जागेचा ठेकेदार म्हणाला होता, सोमवारपर्यंत निकाल लागला नाही तर जागा दुसऱ्याला देईन.

अक्का पुष्पमच्या घरी गेली, मीही बरोबर होते. पुष्पमने दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"कशाला आलात अम्मा? तुमच्या डोळ्यांची हौस झाली ना? माझ्या मुलींना आता शाळेत चोराच्या मुली म्हणतात."

अक्का दारातूनच परत फिरली. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "तिला ओळखायला मीं शिकवलें."

दुसऱ्या दिवशी ती ठाण्यात गेली. सब-इन्स्पेक्टर तरुण होता, उद्धट नव्हता. त्याने ऐकून घेतलं, मग हसला.

"अम्मा, चाळीस नाण्यांवर एकच खूण. म्हणजे एका खऱ्या रुपयावरून साचा केला आणि त्यात ओतली. याला अजून काय पुरावा हवा?"

"ती नाणी तिने माझ्यासाठी निवडून ठेवली होती. हजारांतून चाळीस."

"तुमच्यासाठी? तुम्हाला ती कशाला हवी होती?" त्याने वही जवळ ओढली. "तुमचं नाव सांगा."

अक्काने नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला. तिचा भाऊ ओरत्तनाडूहून धावत आला. त्याला तिची काळजी होती, पेन्शनचीही होती. "पोलिसांच्या वहींत नांव गेलें, आतां तरी पुरें कर! ती कोण तुझी?" अक्का म्हणाली, "तूं जेवून जा." आणि स्वतः भिंग, ट्रे आणि घरातल्या सगळ्या सुट्या नाण्यांची पिशवी घेऊन बाहेर पडली.

तिचा विचार साधा होता. ओतलेलं नाणं हे एका नाण्याची नक्कल; त्याच्यावरची रेघ कायम तेवढीच राहणार. ठशाची भेग मात्र ठोक्यागणिक वाढत जाते. म्हणजे एकाच ठशाची नाणी मिळवली तर रेघ लहानाची मोठी होताना दिसली पाहिजे. पण ती नाणी पुष्पमच्या हातातून आलेली नकोत, अक्काच्या घरातलीही नकोत. ती गावातून यायला हवीत.

जुन्या बसस्टँडवर चहाच्या दुकानाशेजारी तिने एक स्टूल मांडलं. जो कोणी मोठा रुपया दाखवील त्याचा रुपया ती बघायची. त्याच जागी तोच तीळ असला तर, रेघ असो नसो, बदल्यात आपला रुपया द्यायची, आणि ते नाणं कागदात गुंडाळून त्यावर देणाऱ्याचं नाव, ठिकाण आणि वेळ लिहायची. पहिल्या दिवशी लोक हसले. कोणी म्हणालं, लॉटरी आहे. कोणी म्हणालं, म्हातारीचं डोकं फिरलं. दिवस मावळेपर्यंत दोन नाणी मिळाली. चहावाल्याने छत्री आणून तिच्या डोक्यावर बांधली.

दुसऱ्या दिवशी कंडक्टर आले. तेच, जे तिच्यावर वैतागायचे. एकाने चामड्याची थैलीच तिच्यासमोर उपडी केली. "पंधरा मिनिटं आहेत गाडी सुटायला. बघा अम्मा, आज सावकाश बघा." मग दुसरा आला. कुंभकोणमची गाडी, तिरुवैयारुची गाडी, पट्टुकोट्टैची गाडी. शिकवण्या आटोपून मीही तिथे जाऊन नाणी लावून देत होते. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. भिंगाच्या कडेने भुवईखाली लाल वळ उठला होता.

"अक्का, थोडें थांब. डोळा जाईल."

"डोळा माझा आहें. जागा तिची जाईल." ती पुढचा रुपया उचलून म्हणाली.

रविवारी संध्याकाळपर्यंत सव्वीस नाणी झाली.

सोमवारी सकाळी आम्ही ठाण्यात गेलो. पुष्पम बाकावर बसली होती, तिने तोंड फिरवलं. अक्काने सब-इन्स्पेक्टरच्या टेबलावर पांढरा कागद पसरला, त्यावर सव्वीस रुपये ओळीने मांडले, प्रत्येकाखाली त्याची चिठ्ठी ठेवली.

"आधी बघू नका, नख फिरवा," ती म्हणाली.

त्याने फिरवलं. "वर आहे."

"आता हे भिंग घ्या. पहिल्यावर फक्त तीळ आहे, रेघ नाही. दुसऱ्यावर काठापाशी केस आहे, तिळाएवढाच. सहाव्यावर पानापर्यंत आलाय. पुढे जा."

तो वाकून एकेक नाणं बघत गेला. पहिल्यांदा भिंग डोळ्याला लावताना सगळ्यांचा होतो तसा त्याचा गोंधळ झाला, मग जमलं. ठाण्यात टाईपरायटर चालू होता, तोही थांबला. रेघ काठातून निघाली, पानावर चढली, कणीस ओलांडलं, एकच्या आकड्याला भिडली. शेवटच्या तीन नाण्यांवर तिला फाटा फुटला होता.

मग सब-इन्स्पेक्टरने सतरावं नाणं उचललं, पुन्हा पाहिलं, अठरावं उचललं, आणि दोन्हींची जागा बदलली.

"हे आधी येतं, अम्मा," तो म्हणाला. "याची रेघ लहान आहे."

अक्काने भिंग घेऊन पाहिलं. "बरोबर. माझी चूक झाली."

मी पुष्पमकडे पाहिलं. ती उभी राहिली होती.

त्याने जप्त केलेली नाणी मागवली आणि स्वतः ती त्या ओळीत बसवायला लागला. ही इथे, ही तिथे. जवळजवळ प्रत्येक रुपयाला त्या ओळीत कुठे ना कुठे जागा सापडत गेली. त्याने एका शिपायाला बँकेत पाठवलं. तिथल्या पिशवीतूनही तसाच एक रुपया आला, तो रेघेच्या अगदी टोकाच्या अवस्थेतला होता. दुपारी त्याने ठेकेदाराला ठाण्यात बोलावून सांगितलं की बाईवर काही नाही, जागा तिचीच राहील. चार नाणी वर तपासणीला जातील म्हणाला, बाकीची परत केली. वहीतलं अक्काचं नाव मात्र त्याला खोडता येईना. "राहूं दे," अक्का मला म्हणाली, "खरें नांव आहें, खोटें थोडेंच आहें?"

हॉटेलमालकाने पुष्पमची चिल्लर पुन्हा कधी घेतली नाही. आणि पुष्पम अक्काशी महिनाभर बोलली नाही. अक्का दर शुक्रवारी जायची, चपला काढून द्यायची, बिल्ला घ्यायची, आत जाऊन यायची, पैसे देऊन चपला घालायची. डब्याकडे बघायची नाही. एका शुक्रवारी पुष्पमने बिल्ला देताना तिचा हात धरून ठेवला.

"अम्मा, रेघ टोकापर्यंत गेल्यावर ठशाचं काय होतं?"

"मोडतो, नाहीतर कोणीतरी वेळेवर काढून घेतं."

"त्याला कोणी बघत नव्हतं वाटतं," पुष्पम म्हणाली. मग दोघी हसल्या. मी त्या दिवशी चपलांसाठी मागे थांबले होते म्हणून मला हे ऐकायला मिळालं.

पुढे माझ्या नवऱ्याची पुण्याला बदली झाली आणि आम्ही तंजावूर सोडलं. अक्काची इंग्रजी पत्रं यायची; तब्येतीबद्दल एक ओळ, बाकी नव्या दोन रुपयांच्या काठाबद्दल. काही वर्षांनी माझ्या आईच्या वर्षश्राद्धाला मी गेले तेव्हा तिच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या मुलीने सांगितलं, मंगळवारी त्या तिरुवैयारुला असतात. तिथल्या मुलींच्या शाळेत एक सूक्ष्मदर्शक होता. काच फुटेल या भीतीने तो कपाटात कुलूपबंद ठेवलेला. अक्काने मुख्याध्यापिकेकडे सात खेपा घालून तो बाहेर काढायला लावला होता, आणि आता एका डोळ्याने जवळजवळ दिसत नसताना आठवड्याला बसने जाऊन मुलींना शिकवत होती.

माझी गाडी संध्याकाळची होती. मी तिरुवैयारुची बस धरली. शाळेच्या व्हरांड्यात मुलींची लांब रांग होती, रांगेच्या टोकाला टेबल, टेबलाशी अक्का. खूप वाळली होती. डोळ्यावर जाड चष्मा होता. एक बारकी मुलगी स्टुलावर चढून नळीत डोकावत होती आणि तमिळमध्ये म्हणत होती, "टीचर, काही दिसत नाही, टीचर."

"दिसेल. घाई नाही," अक्का म्हणाली.

मागच्या मुली ढकलाढकली करू लागल्या. घंटा झाली. एक शिक्षिका आली आणि पुढच्या तासाचं काहीतरी बोलली. मी खांबापाशी उभी राहून हाक मारली, "अक्का!" तिने आवाज ओळखला असावा, कारण चेहरा थोडासा हसला. पण तिने मान वळवली नाही. एक हात त्या मुलीच्या पाठीवर होता. दुसरा तिने वर करून माझ्याकडे, शिक्षिकेकडे, सगळ्या रांगेकडे पंजा धरला. थांबा.

रस्त्यावर तंजावूरची बस हॉर्न वाजवत होती. ती चुकली तर माझी गाडी चुकणार होती. मी निघाले. फाटकातून मागे पाहिलं तेव्हा ती मुलगी अजून स्टुलावर होती, आणि अक्काचा हात अजून वर होता.